व्हॅम्पायरच्या प्रेमात पडताना…



तुमच्या वर्गात, हॉस्टेलवर किंवा लोकलच्या ग्रुपमध्ये अशी एक तरी मुलगी असेलच, जिनं दहावीच्या सुट्टीत ‘ट्वायलाइट’चे चारही जाडजूड भाग आठवडाभरात फस्त केले. आज तिला कुणी त्याबद्दल विचारलं, की ती पटकन सांगून मोकळी होते, “अगं, ते तेव्हा! आता नाही बाई मी तसलं काही वाचत.” हे ‘तसलं काही’ म्हणजे व्हॅम्पायरच्या प्रेमकथा. वाचायच्या सगळ्यांनी, पण कबूल कुणीच करायचं नाही, अशा यादीत त्यांचा नंबर बराच वर आहे.

गंमत बघा. एखादा मुलगा रात्री दोनपर्यंत जागून युरोपातल्या कुठल्याशा क्लबची मॅच बघतो, लोखंडी सूट घालून उडणाऱ्या सुपरहिरोचे सगळे सिनेमे क्रमवार तोंडपाठ सांगतो, तेव्हा तो ‘पॅशनेट’ असतो. मुलीनं मात्र उन्हात चमचमणाऱ्या, शंभरी गाठलेल्या कॉलेजकुमाराबद्दल वाचलं, की लगेच ‘काय बालिशपणा आहे!’ लॉजिकच्या नावानं दोन्हीकडे सारखीच बोंब. तरी हसू फक्त एकीलाच.

हे हसणं वाटतं तितकं साधं नाही, असं आमचं म्हणणं आहे. या पुस्तकांत तुम्हाला मनापासून हवंसं वाटणारं काहीतरी आहे. त्याच पुस्तकांत, ज्याबद्दल मोकळेपणानं बोलायलाच हवं, असंही काहीतरी आहे. आपण हसतो आणि दोन्ही गोष्टी एकदमच गाडून टाकतो. म्हणून आज जरा गंभीरपणे या विषयाकडे बघूया.

मढ्याचा झाला लॉर्ड

हा व्हॅम्पायर मुळात देखणा वगैरे अजिबात नव्हता. अठराव्या शतकात सर्बियाच्या खेड्यांमध्ये लागोपाठ माणसं दगावली, की आधी मेलेल्या कुणाचं तरी थडगं उकरलं जायचं. प्रेत फुगलेलं, तोंडाशी रक्तासारखं काहीतरी. शरीर कुजताना हे होतंच, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक? ‘हाच रात्री उठून आपलं रक्त पितो’ असं ठरवून त्याच्या छातीत खुंटी ठोकायची. तिथं राज्य करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी १७२५ आणि १७३२ मध्ये अशा प्रकारांचे रीतसर अहवाल लिहून पाठवले आणि युरोपभर व्हॅम्पायरची चर्चा सुरू झाली. थोडक्यात, मूळचा व्हॅम्पायर म्हणजे सुजलेल्या अंगाचा मेलेला शेतकरी. त्याच्या प्रेमात कोण पडणार?

त्याला सूटबूट चढवला तो एका विशीतल्या पोरानं. १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तंबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्याच्या राखेमुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. त्या १८१६ च्या पावसाळी सुट्टीत जिनिव्हाच्या तळ्याकाठी एका बंगल्यात काही मंडळी अडकून पडली होती. कवी बायरन, कवी शेली, अठरा वर्षांची मेरी आणि बायरनचा वीस वर्षांचा डॉक्टर जॉन पोलिडोरी. कंटाळा घालवायला ठरलं, की प्रत्येकानं एकेक भुताची गोष्ट लिहायची. मेरीच्या गोष्टीचं पुढे ‘फ्रँकेन्स्टाइन’ झालं. बायरननं सुरू करून सोडून दिलेल्या गोष्टीचा धागा पोलिडोरीनं उचलला. त्याच्या ‘द व्हॅम्पायर’ कथेतला रक्तपिपासू होता लॉर्ड रुथवेन. खानदानी, गोरापान, थंड नजरेचा, बायकांना ओढून घेणारा. थेट बायरनवरच बेतलेला! १८१९ मध्ये ही कथा छापून आली तीसुद्धा बायरनच्या नावावर. पोलिडोरी बिचारा हातवारे करत राहिला.

पुढची वाट तुम्हाला माहीत असेल. १८७२ मध्ये शेरिडन ल फानूची ‘कार्मिला’, १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’, १९७६ मध्ये ॲन राइसची कादंबरी, जिच्यात व्हॅम्पायर स्वतःच मुलाखत देत आपलं दुःख सांगतो. मग १९९१ मध्ये ‘द व्हॅम्पायर डायरीज’ची पुस्तकं आली, १९९७ मध्ये टीव्हीवर ‘बफी’ आली. आणि २००५ मध्ये तीन मुलांची आई असलेल्या स्टेफनी मायरनं एका स्वप्नावरून लिहिलेली ‘ट्वायलाइट’ आली. चार भागांच्या मिळून दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. पाच सिनेमे झाले. २०२० मध्ये तीच गोष्ट एडवर्डच्या नजरेतून सांगणारं ‘मिडनाइट सन’ आलं, तेव्हा आता नोकरीला लागलेल्या जुन्या वाचकांनीही ते हौसेनं विकत घेतलं.

आपल्याकडे मात्र भुताच्या प्रेमात पडायची सोयच नव्हती. रिचर्ड बर्टननं १८७० मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेताना शीर्षकातच वेताळाचा ‘व्हॅम्पायर’ करून टाकला. पण गोष्टीतला वेताळ विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालतो. कोकणात आणि गोव्यात तो गावाची राखण करणारा देव आहे, पुण्यात तर त्याच्या नावाची अख्खी टेकडी आहे. बाकी हडळ, खवीस, मुंजा यांचं काम घाबरवण्याचं. नारायण धारप, रत्नाकर मतकरींनी आपल्या आईबाबांच्या पिढीची झोप उडवली, पण त्यांच्या भुतांना कुणी प्रेमपत्र लिहिल्याचं ऐकिवात नाही. मग दूरच्या अमेरिकेतल्या, सदा पावसाळी फोर्क्स गावातला हा एडवर्ड कलन आपल्याकडच्या मुलींना इतका का भावला?

आवडतं ते नेमकं काय?

पहिली गोष्ट, त्याचं थांबणं. एडवर्ड बेलाला एका क्षणात मारू शकतो. तिच्या रक्ताचा वास त्याला वेडा करतो. तरी तो स्वतःला आवरतो, पुस्तकभर आवरतच राहतो. आता ज्या मुलीला गर्दीच्या बसमध्ये छातीशी सॅक धरून उभं राहायची सवय लागली आहे, जिला रात्री रिक्षात बसल्यावर फोनवर खोटंखोटं बोलत राहावं लागतं, तिच्यासाठी ‘ताकद आहे पण वापरत नाही’ असा पुरुष हे केवढं मोठं स्वप्न आहे, याचा विचार करा. तिला एडवर्डच्या सुळ्यांचं आकर्षण कमी आणि त्याच्या संयमाचं जास्त आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे लक्ष. बेला काही सौंदर्यवती नाही. गावात नवी, चालताना धडपडणारी, खेळात शून्य. अशा मुलीकडे कुणीतरी पूर्ण लक्ष देऊन बघतं, तिचं ऐकतं, तिच्या मनात काय चाललंय हे न कळल्यामुळे अस्वस्थ होतं. दोन निळ्या टिका दिसूनही तासन् तास रिप्लाय न येणाऱ्या जगात हे सुख थोडं नाही.

तिसरी, भावनेचा आकार. पहिला ब्रेकअप आठवा. ‘अभ्यासाकडे लक्ष दे, होईल सगळं ठीक’ असं घरचे म्हणत असतात आणि तुम्हाला तर जग संपल्यासारखं वाटत असतं. ‘न्यू मून’मध्ये एडवर्ड निघून जातो तेव्हा मायर काय करते, तर ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी अशी महिन्यांची नुसती नावं असलेली कोरी पानं ठेवते. समीक्षक काहीही म्हणोत, सतरा वर्षांच्या मुलीला ती पानं बरोबर वाचता येतात. तुझं दुःख खरं आहे, असं तिला इतर कुणी सांगितलेलंच नसतं.

चौथी, ‘तो आपल्यातला नाही’. घरी चहाच्या वेळी अगदी सहज म्हणून विचारलेला ‘आडनाव काय गं त्याचं?’ हा प्रश्न ज्यांनी ऐकलाय, त्यांना माणूस आणि व्हॅम्पायर यांच्यामधली भिंत समजायला तळटीप लागत नाही.

आणि पाचवी, सगळ्यात महत्त्वाची. पुस्तक बंद करता येतं. जेनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासिकेनं १९८४ मध्ये प्रेमकथा वाचणाऱ्या स्त्रियांवर एक पुस्तक लिहिलं. त्या बायकांशी बोलताना तिच्या लक्षात आलं, की कथेइतकीच त्यांना वाचण्याची ती वेळ प्रिय होती. घरात कुणाचं काही करायचं नाही, अशी ती स्वतःची हक्काची वेळ होती. तुमचंही तसंच आहे की! आकर्षण, भीती, ओढ या गोष्टी प्रत्यक्षात कशा असतात हे कुठलीही जोखीम न घेता, पांघरुणात बसून, आपल्या वेगानं समजून घ्यायला या गोष्टी जागा देतात. नको वाटलं तर मिटून ठेवता येतं. खऱ्या माणसाला असं मिटता येत नाही.

मग खटकतं ते काय?

आता दुसरी बाजू. ती लपवली तर आम्ही तुमच्याशी खोटं बोलतोय असं होईल.

एडवर्ड बेलाच्या नकळत, रात्री तिच्या खोलीत शिरून ती झोपलेली असताना तिला बघत बसतो. एकदा नाही, अनेक रात्री. ‘एक्लिप्स’मध्ये तिनं जेकबला भेटायला जाऊ नये म्हणून तो तिच्या ट्रकच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. स्वतः गावाबाहेर जाताना तिच्यावर नजर ठेवायला बहिणीला सांगतो आणि त्या कामाचा मोबदला म्हणून बहिणीला महागडी गाडी देतो. पुढे तो बदलतो, तिला जाऊ देतो, हेही खरं. पण तोवर वाचणारीनं या सगळ्याला ‘किती काळजी करतो!’ असं नाव दिलेलं असतं.

जेकबही काही कमी नाही. तो बेलाच्या मनाविरुद्ध तिचं चुंबन घेतो. ती त्याला ठोसा मारते आणि त्यात तिचाच हात मोडतो. आणि तिचा बाप, जो गावाचा पोलीसप्रमुख आहे, तो कौतुक कुणाचं करतो? जेकबचं! हा प्रसंग पुस्तकात विनोदासारखा येतो. पुन्हा एकदा वाचून बघा, हसू येतं का ते.

इथं आपल्या मातीतलं एक भूत मदतीला येतं. २०२४ मध्ये आदित्य सरपोतदारचा ‘मुंज्या’ आला. कोकणातल्या मुंजाच्या लोककथेवर बेतलेला. लग्नाच्या वेडानं पछाडलेलं ते पोरगं नायिकेच्या मागे हात धुऊन लागतं. योगायोग असा, की नायिकेचं नाव आहे बेला! थिएटरमध्ये आपण मुंज्याला घाबरलो, हसलो, ‘अरे सोड की तिला’ म्हणालो. कुणाला तो रोमँटिक वाटला नाही. आता विचार करा. मुंज्या बेलाचा पिच्छा सोडत नाही, एडवर्डही सोडत नाही. तिला काय हवंय हे मुंज्या विचारत नाही. खोलीत शिरण्यापूर्वी एडवर्डनंही विचारलं नव्हतं. दोघांमध्ये फरक आहेच, पण त्यातला किती फरक वागण्यातला आणि किती दिसण्यातला, हे एकदा प्रामाणिकपणे मोजायला हवं. देखण्या चेहऱ्याला आपण केवढी सूट देतो, ते त्यातून कळतं.

कायद्याच्या भाषेत सांगायचं तर स्त्रीनं नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही तिचा वारंवार पाठलाग करणं, संपर्क साधत राहणं किंवा तिच्या इंटरनेट-ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘प्रेमात चालतं हो एवढं’ हा बचाव तिथं चालत नाही.

हसण्यानं काय बिघडतं?

या पुस्तकांवर बंदी घाला, असं म्हणणारे तिकडेही होते. अमेरिकी ग्रंथालय संघटनेच्या, सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत २००९ आणि २०१० या दोन्ही वर्षी ‘ट्वायलाइट’ होतं. आपल्याकडे तर हा वाद कोर्टाची पायरी चढून आला आहे. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ कथा आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६९ मध्ये काकोडकर सुटले. त्या निकालात न्यायालयानं तुमच्या वयाच्या वाचकांचा मुद्दाम विचार केलाय. स्त्री-पुरुष संबंधांचा नुसता उल्लेख आला म्हणून कादंबरी किशोरांना वर्ज्य ठरवायची, तर त्यांच्या हाती निव्वळ धार्मिक पुस्तकांशिवाय काही उरणार नाही, अशा आशयाचं निरीक्षण त्यात आहे. अर्धशतकापूर्वी न्यायमूर्तींना जे उमगलं, ते आपल्या स्टाफरूमला आणि फॅमिली ग्रुपला अजून उमगायचंय.

बंदी काय आणि टिंगल काय, दोन्हींचा परिणाम एकच होतो. वाचणारी गप्प होते. किंवा मग ती आपल्या आवडीच्या बचावाला अशी उभी राहते, की एडवर्डचं सगळंच तिला बरोबर ठरवावं लागतं. ‘मला तो आवडतो, पण त्याचं ते ट्रकवालं वागणं मला पटलं नाही’ हे साधं वाक्य बोलायलाही समोर न हसणारं माणूस लागतं.

आणि खरी भीती पुढे आहे. उद्या हीच मुलगी सेकंड इयरला असताना एखादा खराखुरा मुलगा तिला म्हणतो, “लाइव्ह लोकेशन ऑन ठेव ना, काळजी वाटते.” मग म्हणतो, “पासवर्ड सांग, आपल्यात कसलं आलंय गुपित?” मग म्हणतो, “त्या ग्रुपबरोबर नको जाऊस.” तिला आतून काहीतरी खटकतं. ते ती कुणाला सांगणार? तिच्या प्रेमाच्या कल्पनांवर जे लोक चौदाव्या वर्षापासून हसत आलेत, त्यांना? ती नाही सांगणार. ती एकटीच हा गुंता सोडवत बसेल.

आणि एकटं पडणं नात्यालाही मानवत नाही. घरच्यांचा विरोध असला की प्रेम आणखी वाढतं, असं १९७२ मध्ये काही अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी म्हटलं होतं. त्याला नावही झकास मिळालं, ‘रोमिओ-ज्युलिएट इफेक्ट’. २०१४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच अभ्यास पुन्हा करून पाहिला, तेव्हा तो परिणाम काही सापडेना. उलट जवळच्या माणसांची साथ असलेली नाती जास्त बरी चालतात, असं दिसलं. ‘आपण दोघं विरुद्ध सगळं जग’ हे पुस्तकात भारी वाटतं. प्रत्यक्षात मैत्रिणी सुटत चालल्या असतील, तर ती धोक्याची घंटा समजायची.

मग करायचं काय?

वाचा. खुशाल वाचा. कव्हरवर वर्तमानपत्र चढवून तर मुळीच वाचू नका. फक्त वाचताना तीन प्रश्न जवळ ठेवा. ती ‘नको’ म्हणाली तर तो थांबतो का? त्याच्या प्रेमात पडल्यावर तिचं जग मोठं झालं की लहान? आणि हेच वागणं एखाद्या मुंज्यानं केलं असतं, तर मला आवडलं असतं का? या प्रश्नांमुळे पुस्तकाची मजा जात नाही. उलट मैत्रिणींबरोबर भांडायला झकास विषय मिळतो.

मुलांनो, तुम्हीही एकदा वाचून बघाच. जिममध्ये घाम गाळून आणि बाइकचा आवाज वाढवून जे जमत नाही, ते या फिकट चेहऱ्याच्या गड्याला कसं जमलं, याचं उत्तर त्याच्या संयमात आहे. तेवढं घ्या. खिडकीतून आत शिरणं मात्र त्याचं त्याच्याकडेच राहू द्या. दार वाजवावं, ‘येऊ का?’ असं विचारावं आणि ‘नाही’ ऐकलं तर शांतपणे परत फिरावं. जुन्या गोष्टींमधल्या व्हॅम्पायरलाही बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नसे, म्हणतात. एवढा शिष्टाचार माणसांना जड जाऊ नये.

आणि तुमच्या धाकट्या बहिणीच्या हातात असं पुस्तक दिसलं, तर ‘हे काय वाचतेस?’ असं नाक मुरडून विचारू नका. ‘कुठपर्यंत आलीस? तुला कोण आवडलं, एडवर्ड की जेकब? का?’ असं विचारा आणि ती बोलायला लागली की मध्ये न तोडता ऐका. आज ती एडवर्डबद्दल बोलेल. कधीतरी वर्गातल्या कुणाबद्दल बोलायची वेळ येईल, तेव्हा तुमच्याकडे यायचं की नाही, हे तिनं आजच ठरवलेलं असेल.